मांजराचं मन आणि माणसांची सोय



मांजराने पोट आणि मांड्यांची आतली बाजू चाटून चाटून तुळतुळीत केली, की आपल्या मंडळींचं निदान ठरलेलं असतं: 'स्ट्रेस'. पॉटलकला जमलेल्या दहा जणांतले तिघं तरी तिथल्या तिथे मानसोपचारतज्ज्ञ होतात. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, बिचारी एकटी पडते." 'दोघं' म्हणताना नजर मात्र बाईकडेच वळते. आमच्या मनीच्या बाबतीत एका काकूंनी मला नोकरी अर्धवेळ करायला सुचवलं. नवऱ्याला असं कुणी सुचवलं नाही, हे सांगायला नकोच.

या निदानाला माझा विरोध आहे, आणि तो नुसता रागापोटी नाही. २००६ साली अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. 'मानसिक कारणाने केस जातात' असा शिक्का बसलेल्या २१ मांजरांची त्यात नीट तपासणी केली होती. १६ जणांना निव्वळ शारीरिक आजार निघाला, तिघांत दोन्ही कारणं होती, आणि फक्त मानसिक कारण उरलं ते दोघांत. १२ जणांना तर अन्नाचं वावडं होतं. नमुना लहान आहे, मान्य. पण समोरच्या बाजूला "आम्हाला तसं वाटतं" याखेरीज काय आहे?

बहुतेक वेळा मूळ असतं ते खाजेत. "आमच्या घरात पिसवा नाहीत" हे वाक्य लोक अब्रूचा प्रश्न असल्यासारखं म्हणतात. अहो, ज्या मांजराला पिसवांची ॲलर्जी आहे ते चाटून चाटून त्या गिळून टाकतं, मग तुम्हाला दिसणार कुठून? बारीक दातांची फणी फिरवावी, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. तांबूस डाग उमटला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर टोकं तुटलेली आहेत की निमुळती, यावरून मांजर केस तोडतंय की ते आपोआप गळतायत हे कळतं. गजकर्ण नाही ना, हेही बघावंच, कारण ते घरातल्या मुलांनाही होतं. ओटीपोटच चाटत असेल तर मूत्राशय दुखत असू शकतं.

आम्ही आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फणीला हात न लावता दहा मिनिटांत चिंतेवरच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फणी फिरवली, कागद ओला केला, तांबूस डाग दाखवला. पिसवांचं औषध दर महिन्याला सुरू केलं आणि तीनेक महिन्यांत पोटावर लव आली. मनीचं मन तेच, माझी नोकरीही तीच.

अन्नाची चाचणी हे मात्र चिकाटीचं काम. किमान आठ आठवडे एकच ठरवलेला आहार, बाकी काही नाही. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा "एवढंसं दूध" म्हणून हळूच वाटी सरकवतात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू.

आणि घरगुती उपाय! तेल, लेप, काय लावाल ते चाटून पोटात जाणार. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनचे थेंब जिवावर बेततात. "दुखत असेल बिचारीला" म्हणून दिलेली टायलेनॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराला ताण येतच नाही असं मी म्हणत नाही. घर बदललं, नवं मांजर आणलं, तर येतो. पण ते निदान बाकीचं सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं. आपल्याकडे ते सर्वांत आधी येतं, कारण ते फुकट असतं, वर कुणाला तरी दोषही देता येतो. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला "मनाला लावून घेऊ नका" सांगून परत पाठवणारे डॉक्टर आपण तिकडेही पाहिलेत आणि इकडेही. त्या बाईला निदान भांडता तरी येतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा: फणी फिरवली का, केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले का, बुरशीची तपासणी झाली का? उत्तर 'नाही' असेल, तर गोळ्यांची चिठ्ठी तूर्त खिशातच राहू द्या.