‘कफ आहे, उतरेल’ हे आता पुरे!

जामखेड-पाथर्डीकडच्या आईबापांनो, आज्यांनो आणि आशाताईंनो,

परवा एका वाडीवर पुन्हा तेच. साडेतीन महिन्यांचं लेकरू, चार घोट ओढले की थांबतंय, गळ्याखालची खळगी आत जातेय आणि फळीवर खोकल्याच्या चार बाटल्या! घुरघुरण्याचा आवाज घशातून येतो की छातीतून, कुणी विचारलंच नाही. वर पोटावर बिब्ब्याचे डाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या सिमोरीत २२ दिवसांच्या बाळाला विळ्याचे ६५ चटके दिले, तेव्हा आपण नाकं मुरडली होती ना?

श्वास आत घेताना घुरघुर असेल तर अडथळा बहुधा स्वरयंत्रापाशी, सोडताना शिट्टी वाजली तर छातीतल्या नळ्यांत. तान्ह्यांत जास्त आढळतो तो लॅरिंगोमलेशिया: स्वरयंत्राचा वरचा मऊ भाग आत ओढला जातो, उताणं निजवलं की आवाज वाढतो. बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत जातो. पण अशीच घुरघुर स्वरतंतू लुळा पडल्यानं येते, काचेच्या पेटीत असताना घातलेल्या नळीच्या व्रणानं येते, श्वासनलिकेतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीनंही येते. नाकातून बारीक दुर्बीण घालून कान-नाक-घसा तज्ज्ञ काही मिनिटांत बघतात. बाटलीनं यातलं काहीच बरं होत नाही.

‘थोरलाही असाच घुरघुरायचा’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही.

बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ निळे, छाती आत, दूध बंद: १०८ लावा. आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांपुढे बाळ नेमकं गप्प असतं. वजनाचं कार्ड, पेटीतून सोडतानाचा कागद सोबत हवा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाची तपासणी, औषधं आणि गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर आम्हाला बोलवा. आशाताई, ४२व्या दिवसापर्यंतच्या भेटींत झबलं वर करून छाती बघा. नुसती वही भरणं म्हणजे भेट नव्हे!

१९७० पासून आरोळे दांपत्यानं याच जामखेडात अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं दाईंना मणी सरकवून श्वास मोजायला शिकवलं. आणि आपण शिकलेल्या, हातात मोबाइल, तरी मोजत नाही? लाज वाटू द्या.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघतील, मग फडात कोण बघणार? त्याआधी घुरघुरणारं प्रत्येक बाळ आमच्या मंडळाकडे आणा. आमची एक बाई सोबत येईल, तज्ज्ञाकडून कारण लिहून घेईल. बाटल्याही घेऊन या.