आरसीवर बँकेचा बोजा दिसतो, मग रिकॉल का दिसत नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तुमच्यापैकी ज्याच्या डोक्यात जुनी डिझेल गाडी घ्यायचं चाललंय, त्याने शेवटपर्यंत वाचावी. साडेतीन-चार लाखांचा प्रश्न आहे.

गेल्या महिनाभरात बार्शीतल्या तीन ओळखीच्या लोकांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. "साहेब, जर्मन गाडी मिळतीय, डिझेल, टॉप मॉडेल, किंमत निम्म्याहून कमी. घेऊ का?" मी तिघांनाही उलट विचारलं, त्या गाडीला रिकॉल होता का? असेल तर काम करून घेतलंय का? तिघांचंही उत्तर एकच आलं. "रिकॉल म्हणजे काय?"

यात त्या तिघांचा दोष नाही. त्यांना हे सांगण्याची जबाबदारी या देशात कुणावरच टाकलेली नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी विषय समजून घेऊ. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीला नोटीस काढली. कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, की गाडी तपासणीच्या रोलरवर चढली की ते ओळखायचं आणि धूर कमी करायचं. गाडी रस्त्यावर आली की पुन्हा मोकळं सोडायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. ही चोरी आधी हाती लागली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या. मशीन गाडीच्या डिकीत टाकून त्यांनी गाडी खऱ्या रस्त्यावर पळवली, एवढंच. त्या टीममध्ये हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे भारतीयही होते. जगभरात अशा गाड्या निघाल्या एक कोटी दहा लाख.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या एआरएआयने त्याच जातीचं, म्हणजे ईए-१८९ इंजिन असलेल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या. बीएस-४ च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट जास्त ऑक्साइड निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. पोलो, व्हेंटो, रॅपिड, लॉरा ही सगळी ओळखीची नावं. यातल्या कितीतरी गाड्या आपल्याच चाकणला आणि संभाजीनगरच्या शेंद्र्याला तयार झालेल्या. कंपनीची बाजूही सांगतो. आम्ही भारतातला नियम मोडलेला नाही, हा रिकॉल आम्ही स्वतःहून करतोय, असं तिचं म्हणणं होतं.

'स्वतःहून' हा शब्द लक्षात ठेवा. रिकॉलची सक्ती करणारा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत आला आणि त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. म्हणजे आज यार्डात उभ्या असलेल्या २०१२-१३ च्या गाडीला त्या कायद्याचा काडीचा उपयोग नाही.

मग मालकांच्या पदरात काय पडलं? देशागणिक बघा.

अमेरिकेत २०१६ मध्ये १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. मालकाला पर्याय दिला, गाडी परत द्या नाहीतर दुरुस्त करून घ्या. वर ५,१०० ते १०,००० डॉलरच्या आसपास रोख भरपाई. घोटाळा उघड झाल्यानंतर जुनी गाडी घेतलेल्या माणसाचाही त्यात हिस्सा होता.

जर्मनीत रिकॉल सक्तीचा केला. काम करून न घेणाऱ्याची नोंदणी थांबवण्यापर्यंत सरकार गेलं. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे २०२० चे दोन निकाल तर आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाने वाचावेत असे आहेत. २५ मे २०२० च्या निकालातल्या माणसाने २०१४ मध्ये सेकंडहँड शरान घेतली होती. कोर्ट म्हणालं, कंपनीने गाडी परत घ्यावी आणि वापराचे पैसे वजा करून बाकीची किंमत द्यावी. ३० जुलैच्या निकालातल्या माणसाने ऑगस्ट २०१६ मध्ये सेकंडहँड टूरान घेतली होती. त्याला कोर्टाने रिकाम्या हाताने परत पाठवलं. कारण? सप्टेंबर २०१५ मध्येच कंपनीने प्रकरण जाहीर केलं होतं, त्यामुळे नंतरच्या गिऱ्हाइकाला फसवलं असं धरता येत नाही.

हा न्याय जर्मनीत कदाचित शोभतही असेल. तिथे वर्षभर पेपर, टीव्ही आणि डीलर एकच विषय बोलत होते. आपल्याकडे काय जाहीर झालं होतं? इंग्रजी पेपरच्या बिझनेस पानावर एक बातमी आणि पहिल्या मालकाच्या पत्त्यावर एखादं पत्र. तो पहिला मालक पुण्यातला. दुसरा नगरचा. तिसरा तुम्ही. ते पत्र तुमच्यापर्यंत कोण आणून देणार होतं?

भारतात दंड झाला तो वेगळ्याच वाटेने. दिल्लीतल्या एका शिक्षिकेसह काही जण हरित लवादाकडे गेले. तज्ज्ञ समितीने हिशोब मांडला, की या गाड्यांनी २०१६ मध्ये एकट्या दिल्लीच्या हवेत सुमारे ४८.६७८ टन नायट्रोजन ऑक्साइड सोडलं आणि आरोग्याचं नुकसान १७१.३४ कोटींचं केलं. मार्च २०१९ मध्ये लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीची कारवाई थांबवली. आणि हा दंड होता हवेच्या आणि आरोग्याच्या नुकसानीचा. गाडीच्या मालकाचा त्यात विषयच नव्हता.

आता आपल्या दारात या. गाडी घेताना आपण काय बघतो? आरसी. त्यावर बँकेचा बोजा म्हणजे एचपी दिसते. मालक कितवा ते कळतं. इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेसची तारीख मोबाइलवर दिसते. चलन थकलं असेल तर दोनशे रुपयांपासून दिसतं. सरकारला आपली दोनशे रुपयांची थकबाकी दाखवता येते, आणि सव्वातीन लाख गाड्यांमधली ही एक आहे एवढं दाखवता येत नाही? चेसी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. कंपनीकडे यादी आहे, सरकारकडे वाहन पोर्टल आहे. दोन्ही जोडायचं काम कुणी करायचं? अमेरिकेत हाच नंबर टाकला की सुरक्षेचा एखादा रिकॉल बाकी आहे का ते घरबसल्या फुकट कळतं.

"पण पीयूसी आहे ना?" हा पुढचा प्रश्न. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, बस. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ज्या वायूवरून जगभर एवढं रामायण झालं, त्याच्याकडे आपलं पीयूसीचं मशीन ढुंकूनही बघत नाही. म्हणजे रिकॉलचं काम न केलेली गाडीसुद्धा आरामात पास.

बरं, रिकॉलचं काम झालं असेल तरी काळजी संपत नाही. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचं तर जळालेला धूर थोडा परत इंजिनात फिरवावा लागतो. त्या झडपेला मेकॅनिक ईजीआर म्हणतात. धूर जास्त फिरवला की काजळी जास्त धरते. म्हणून युरोपात अपडेटनंतर ईजीआर चोक होतो, ॲव्हरेज पडतं, पिकअप मरतो अशा तक्रारी मालकांनी केल्या. कंपनीने ते मान्य केलं नाही. आणि आपल्याकडे तर याच्याही पुढची कला आहे. रिमॅप! पाच-दहा हजारात ईजीआर बंद करून देतो, गाडी उडते म्हणतात. म्हणजे कंपनीने टाकलेलं सॉफ्टवेअर पुसून दुसरंच बसवलेलं. तुम्ही घेताय त्या गाडीत नेमकं कुठलं सॉफ्टवेअर आहे, हे विकणारा तरी छातीठोक सांगू शकतो का?

मी लातूर रोडच्या एका यार्डात जाऊन मुद्दाम विचारलं. उत्तर मिळालं, "ते अमेरिकेचं होतं साहेब. आपल्याकडं तसलं काय नसतं." यार्ड कुठलं ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या यार्डात वेगळं उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. ताब्यातल्या गाड्यांचा हिशोब त्याने ठेवायचा आहे. चांगला नियम आहे. पण गिऱ्हाइकाला रिकॉल सांगितलाच पाहिजे, ही अट त्यात घालायला काय हरकत होती?

आता काही जण म्हणणार, "उसाचे ट्रॅक्टर काळा धूर ओकतात ते दिसत नाही, आणि एका जुन्या पोलोच्या मागं लागला!" ट्रॅक्टरवरही लिहीन. पण ट्रॅक्टरचा धूर डोळ्यांना दिसतो आणि तो 'मी स्वच्छ आहे' असं खोटं सांगत नाही. नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाही. छाती धरते, दमा वाढवतं, उन्हात ओझोन तयार करतं, आणि यातलं काहीच मालकाला कळत नाही.

दुसरं म्हणतील, "दहा वर्षांचा जुना विषय उकरून काढला." अहो, विषय जुना झाला म्हणूनच तो आता आपला झाला! मोठ्या शहरात या गाड्यांचं वय झालं, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार आली, आणि माल कुठे उतरला? तालुक्याच्या गावात. शहराने वापरून झालं की गाडी आपल्याकडे येते. कागदही येतात. माहिती तेवढी येत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, वाहन पोर्टलवर चेसी नंबरपुढे रिकॉलचा रकाना हवा. झाला, बाकी आहे, लागू नाही. दोन, नावावर करताना फॉर्म २९-३० सोबत विकणाऱ्याने रिकॉलची लेखी माहिती द्यावी आणि घेणाऱ्याने सही करावी. तीन, डिझेलच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजायला सुरुवात व्हावी. हे निवेदन मी सोलापूर आरटीओमार्फत परिवहन आयुक्तांना देतोय. खासदारांनाही प्रत देणार आहे. सह्या द्यायच्या असतील त्यांनी कळवा.

तोवर स्वतःची काळजी स्वतः घ्या. टोकन देण्याआधी चेसी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा आणि अपडेट केल्याची नोंद असलेली सर्व्हिस हिस्ट्री छापून मागा. तोंडी 'झालंय' चालणार नाही. रिमॅप केलाय का, ईजीआर बंद केलाय का, हे विकणाऱ्याकडून व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. बाहेरच्या राज्याची पासिंग असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि विकणारा लिहून द्यायला कां-कूं करत असेल, तर उठा आणि घरी या. गाड्या पुष्कळ आहेत.