खोक्यात राहिलेली केबल

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कारखान्यात यूपीएस विकायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: ‘लाइट गेल्यावर किती वेळ चालेल?’ सौदा त्यावरच होतो. बॅटऱ्या बसतात, आउटपुट मोजले जाते, बिल होते आणि यूपीएस सर्व्हरला जोडणारी यूएसबी किंवा सिरियल केबल खोक्यातच राहते. आमच्या मते हे काम अर्धवट सोडणे आहे.

टेबलावरचा पीसी माणूस यूपीएसचा बीप ऐकून बंद करतो. लिनक्स किंवा बीएसडी सर्व्हर कुलूपबंद खोलीत, बहुधा मॉनिटरशिवाय चालतो. रविवारी रात्री लाइट गेली तर बॅटरी संपेपर्यंत तो डेटाबेसमध्ये लिहीत राहतो आणि मग मधेच पडतो. तासाभराच्या बॅकअपने हे टळत नाही, तासभर पुढे जाते एवढेच.

यूपीएसच्या निरोपावरून सर्व्हर वेळेत बंद करणारे सॉफ्टवेअर फुकट आहे. रसेल क्रोल यांनी १९९०च्या दशकात सुरू केलेले ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजे नट. त्याचा ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो, यूपीएसडी ती माहिती ३४९३ या पोर्टवर पुरवतो आणि यूपीएसमॉन मशीन बंद करतो. यूएसबी एचआयडी पाळणाऱ्या यूपीएसला ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ हा ड्रायव्हर चालतो. बाजारातल्या अनेक स्वस्त यूपीएसना मेगाटेक प्रोटोकॉल कळतो: २४०० बॉड, ‘क्यू१’ ही आज्ञा आणि उत्तरात व्होल्टेज, लोड, बॅटरीची स्थिती. त्यांच्यासाठी ‘नटड्रव्ह_क्यूएक्स’ लावून पाहा. जुन्या एपीसी यूपीएसला मात्र हाताशी असलेली साधी सिरियल केबल जोडू नका. त्यांची पिनजोडणी वेगळी असते आणि चुकीच्या केबलने चालू यूपीएस बंद पडू शकतो.

एका यूपीएसवर तीन सर्व्हर असतील तर केबल एकालाच जोडायची; बाकीचे नेटवर्कवरून निरोप घेतात. त्यासाठी मधला स्विचही त्याच यूपीएसवर हवा. हे इतके उघड आहे, म्हणूनच राहून जाते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी परदेशी मार्गदर्शिकांत ठळक दिसत नाहीत. पहिली जनरेटरची. डीजी सेटवर लोड यायला थोडा वेळ लागतो, म्हणून लाइट गेल्याच्या पहिल्याच निरोपावर शटडाउन करायचे नसते. दुसरी उन्हाळ्याची. चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली एसएमएफ बॅटरी लवकर म्हातारी होते. मग ‘लो बॅटरी’चा निरोप येतो तेव्हा हातात काही सेकंदच उरतात. त्यामुळे त्या निरोपाची वाट न पाहता नटच्या ‘यूपीएसस्केड’मध्ये टायमर लावावा. जनरेटर येण्याइतका वेळ द्यावा आणि तो संपला की शटडाउन सुरू करावे.

शटडाउन चालू असतानाच लाइट परत आली तर? सर्व्हर बंद, यूपीएस चालू, आणि सकाळी सगळे ठप्प. यासाठी शटडाउनच्या शेवटी यूपीएसला आउटपुट तोडून पुन्हा जोडण्याची आज्ञा गेली पाहिजे, आणि बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू हवी. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

चाचणीसाठी प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटते. एमसीबी पाडा. सर्व्हर स्वतः बंद झाला आणि वीज आल्यावर स्वतः उठला, हे ग्राहकासमोर दाखवल्याशिवाय इन्स्टॉलेशन रिपोर्टवर त्याची सही घेऊ नका, ही आमच्या वाचकांना विनंती आहे.