पोटाचे शास्त्र कोणी शिकावे?

पोट भरले की अंगी लागले, असे आपण समजतो. ही समजूत अपुरी आहे. कोरड्या भाकरीने भूक भागते, पण वाढत्या पोराच्या अंगाला तेवढे पुरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि शंभर बायांपैकी सुमारे 54 जणींच्या अंगात रक्त कमी. हा सटवाईचा लेख नव्हे. पुष्कळ अंशी ताटाचा हिशेब आहे.

हा हिशेब मांडण्यास शास्त्र शिकावे लागते. 1933 साली कमला भागवत ही पदवीधर मुलगी संशोधनासाठी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेली. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तिला नाकारले. ती हटली नाही. अखेर अटी घालून का होईना, तिला प्रवेश द्यावाच लागला. दूध व कडधान्ये यांतील प्रथिने तिने तेथे तपासली आणि 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. पुढे कमला सोहोनी या नावाने मुंबईस अध्यापन करीत असता बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांसह कडधान्ये व नीरा, म्हणजे गरिबांच्याच तोंडची वस्तू, बारकाईने तपासली.

त्यातून घरोघर उपयोगी पडेल असे ज्ञान हाती आले. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे पदार्थ असतात. नीट शिजविल्याने ते बहुतांशी निकामी होतात. म्हणून वाल, पावटा अर्धाकच्चा ठेवू नये. जोंधळ्याच्या प्रथिनात जे उणे असते, ते डाळीने भरून निघते. भाकरीबरोबर डाळ ही चैन नव्हे, गरज आहे.

परंतु वाचकहो, एक गोष्ट विसरू नका. कमलाबाईंचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्र शिकलेले होते. घरचे पाठबळ होते. कुणब्याच्या, कुंभाराच्या, सुताराच्या लेकीला ते कोठून मिळणार? बाई म्हणून बंद असलेले दार उघडले. फीचे दार अजून जड आहे. सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी, वसतिगृहे वाढवावीत, हे आमचे मागणे आहेच. पण आईबापांनीही मुलगी शास्त्र घेते म्हणाली तर लग्नाची घाई करू नये. सर्वांमागून उरलेसुरले जेवणाऱ्या मायेची लेक हे शास्त्र शिकली, तर कोणाच्या ताटात काय कमी आहे हे तिला निराळे सांगावे लागणार नाही.

आणि तोवर? आज रात्री घरच्या बायांना आपल्याबरोबर जेवावयास बसवा. त्याला पदवी लागत नाही.