ताईला काय वाटेल?

दोस्तांनो, आज एक प्रयोग करू या. साहित्य अगदी साधं. बिस्किटांचा एक रिकामा डबा, दोन पेन्सिली आणि तीन वर्षांचं एक मूल. घरात नसेल तर शेजारून मागून आणा. (मूल हं, डबा नव्हे!)

डब्यात पेन्सिली ठेवा, झाकण लावा आणि छोट्याला विचारा, "यात काय आहे रे?" तो म्हणेल, "बिस्किटं!" मग झाकण उघडून दाखवा. त्याचा चेहरा एवढासा होईल, पण तिकडे सध्या काणाडोळा करा. डबा पुन्हा बंद करून विचारा, "आता ताई शाळेतून येईल. तिनं डबा उघडून पाहिलेलाच नाही. तिला काय वाटेल, यात काय आहे?"

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? तिला बिस्किटंच वाटणार! पण या वयाची बरीच मुलं ठामपणे सांगतात, "पेन्सिली!"

खरी गंमत तर पुढेच आहे. त्याला विचारा, "आणि झाकण उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" पुष्कळदा उत्तर येतं, "पेन्सिली!" अहो, दोन मिनिटांपूर्वी हाच पठ्ठ्या 'बिस्किटं' म्हणून ओरडत होता! ॲलिसन गॉपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन या दोघींनी १९८८ साली असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले.

घरातली मोठी माणसं इथे रागावतात. "थापा मारतोस?" म्हणतात. पण तो थापा मारत नसतो, बरं का. माणसाच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते आणि तीच खरी मानून माणूस वागतो, हेच त्याला अजून नीट उमगलेलं नसतं. डब्यात जे आहे, तेच सगळ्यांच्या मनात आहे, असा त्याचा साधा हिशेब.

ही गोष्ट आधी दाखवून दिली हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी, १९८३ साली. त्यांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. मागाहून आई ते हिरव्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन ते चार वर्षांच्या एकाही मुलाला दोन्ही वेळा बरोबर सांगता आलं नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांना आणि सहा ते नऊ वर्षांच्यांपैकी ८६ टक्क्यांना आलं. (बोलता न येणाऱ्या बाळांनाही याची थोडी जाण असते, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. तो वाद अजून मिटलेला नाही.)

आवडीनिवडीचं मात्र लवकर कळतं. बेटी रेपाचोली आणि गॉपनिक यांचा १९९७ सालचा प्रयोग ऐका. एक बाई बाळासमोर बिस्किट खाऊन तोंड वाकडं करते आणि ब्रोकोलीची भाजी खाऊन "वा!" म्हणते. मग बाळापुढे हात पसरते. चौदा महिन्यांचं बाळ तिला आपल्या आवडीचं बिस्किटच देतं. दीड वर्षाचं बाळ मात्र तिला भाजी देतं! स्वतः ती तोंडात घालणार नाही, तरीही. म्हणजे 'तिला हवं ते मला नको' हे दीड वर्षात कळतं, आणि 'तिला वाटतं ते खरं नाही' हे कळायला आणखी अडीच-तीन वर्षं लागतात. मला विचाराल तर यात नवल नाही. आवड चेहऱ्यावर दिसते. समजूत कुठे दिसते?

छोट्याला हसताय? थांबा जरा. आणि आईबाबा, तुम्हीही या इकडे, पुढचं तुमच्यासाठीच आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली काही मोठ्या माणसांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या १८१४ च्या लढाईची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. मग शेवट कळलेल्यांना म्हटलं, "हा शेवट तुम्हांला माहीतच नाही असं समजून उत्तरं द्या." ते काही त्यांना जमेना! कळलेलं मनातून काढून टाकता येईना.

आपल्या घरी क्रिकेटचा सामना संपल्यावर काय ऐकू येतं? "हरणार हे मला माहीतच होतं!" आणि अपूर्णांक शिकवताना? "एवढं सोपं कसं कळत नाही तुला?" सोपं असतं ते शिकवणाऱ्याला. आपल्यालाही ते एके काळी येत नव्हतं, हे बाबांना त्या क्षणी खरंच आठवत नसतं. ही ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही. फक्त सांभाळून!

तर करा प्रयोग. छोट्याचं उत्तर वहीत जसंच्या तसं लिहा, त्याला सुचवू नका. चार वर्षांचं आणि पाच वर्षांचंही मूल मिळालं तर उत्तमच, तिघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहून पाहा. आणि हो, त्याला आधी बिस्किटं कबूल झाली होती. तेवढी देऊन टाका.