पुरस्काराबरोबर व्याख्यानही मागावे

गोंगाटातूनही संदेश बिनचूक पोहोचवता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने सिद्ध केले आणि त्यातून माहिती सिद्धान्त हे शास्त्र उभे राहिले. त्यांच्या नावाचा पुरस्कार हा या शास्त्रातला सर्वोच्च मान. त्याची एक प्रथा कोल्हापूरने उचलावी, असे मला मनापासून वाटते. मानकऱ्याचे नाव वर्षभर आधी जाहीर होते आणि पुढच्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने व्याख्यान द्यायचे असते. आपल्याकडे शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पाहुण्यांची भाषणे होईपर्यंत सत्कारमूर्तीच्या वाट्याला मनोगताची दहा मिनिटे उरतात, तीही आभार मानण्यात संपतात. ज्या कामासाठी गौरव झाला, ते काम श्रोत्यांना कळतच नाही.

संशोधक हा वक्ता नसतो, त्याला कशाला अडचणीत टाकायचे, असे कोणी म्हणेल. पहिला मान खुद्द शॅनन यांचाच होता आणि १९७३ मध्ये इस्रायलमधल्या अश्केलोन येथे बोलण्यापूर्वी त्यांनाही धास्ती वाटली होती. तरी ते बोलले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिथे श्रोते तज्ज्ञ असतात, इथल्या सभागृहाला हे विषय झेपतील का? गणितज्ञ शरच्चंद्र श्रीखंडे यांचे उदाहरण घ्या. दहा पलटणींतले, प्रत्येक पलटणीतून दहाही हुद्द्यांचा एकेक, असे शंभर अधिकारी चौकोनात असे उभे करायचे, की कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत पलटण किंवा हुद्दा दुसऱ्यांदा येऊ नये. हे अशक्य आहे, असा ऑयलरचा १७८२ चा कयास होता. तो १९५९ मध्ये राजचंद्र बोस, पार्कर आणि आपल्या श्रीखंड्यांनी खोटा ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संदेशातल्या चुका ओळखणाऱ्या संकेतांच्या रचनेवरही निबंध लिहिला. पुढे श्रीखंडे यांनी मुंबई विद्यापीठात गणित विभाग घडवला आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. यातले कोडे शाळकरी मुलालाही समजते. भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड थोडा फाटला तरी पैसे जातात, कारण त्यात रीड-सोलोमन संकेत असतो, आणि त्यातल्या आयर्विंग रीड यांना १९८२ चा शॅनन पुरस्कार मिळाला, हेही समजते. सिद्धता पूर्ण कळणार नाही, हे खरे. पण प्रश्न काय होता आणि तो का अडला होता, एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

श्रोत्यांची उणीव इथे नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे आणि व्याख्यानमाला ऐकणारे हे गाव आहे. शहरातल्या पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी नाव सहा महिने आधी जाहीर करावे, मानकऱ्याला मराठीतून तासभर बोलायला सांगावे, पाहुण्यांची भाषणे दोनावर आणावीत आणि व्याख्यान छापून शाळांच्या ग्रंथालयांत पोहोचवावे. छपाईचा खर्च स्मृतिचिन्हांच्या खर्चातून सहज निघेल.