माग एक, कारागीर दोन

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घरच्यांनी लगेच पळून जाऊ नये. आपल्या भिवंडीकरांना तो मागाच्या भाषेतही सांगता येतो, आणि मला जे म्हणायचंय ते संगणकापेक्षा माणसांबद्दलच जास्त आहे.

लिनक्सवर जी काळी खिडकी उघडते ती टर्मिनल. तिच्यात आपण आज्ञा लिहितो आणि त्या वाचून काम करवून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. आता गंमत बघा. तीन खिडक्या उघडल्या की तीन वेगळे शेल सुरू होतात. एकीत 'सीडी' करून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलात तरी बाकीच्या दोघी जागच्या हलत नाहीत. नव्याने शिकणारी मुलं विचारतात, सगळ्या खिडक्यांत एकच शेल का नको? त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर एवढंच हवं असतं, की एका खिडकीत लिहिलेली आज्ञा दुसरीत वरचा बाण दाबून मिळावी. त्यासाठी अख्खा शेल वाटून घ्यायची गरजच नाही. प्रत्येक आज्ञा लगेच इतिहासाच्या फाइलीत लिही आणि तिथून पुन्हा वाच, असं बॅशला सांगून ठेवलं की भागतं.

पण कधी कधी खरोखरच एकच शेल दोन ठिकाणी हवा असतो. त्यासाठी 'स्क्रीन' नावाचं जुनं हत्यार आहे. ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी ते १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात लिहिलं. २००७ मध्ये निकोलस मॅरियटने 'टीमक्स' लिहायला घेतलं, आणि २००९ पासून ते ओपनबीएसडीच्या मूळ संचातच येतं. दोघांची युक्ती एकच. शेल आणि तुमची खिडकी यांच्यामध्ये हा प्रोग्रॅम बसतो. शेल जे छापेल ते जोडलेल्या सगळ्या खिडक्यांना दाखवतो, आणि सगळ्या खिडक्यांतल्या कळा गोळा करून एकाच रांगेत शेलला देतो. खिडकी बंद झाली, लाइन तुटली, घरची वीज गेली, तरी पलीकडच्या सर्व्हरवर शेल चालूच राहतो. लोडशेडिंगचे दिवस काढलेल्या गावाला याचं मोल वेगळं सांगायला नको!

आणखी एक फायदा म्हणजे जाते फक्त अक्षरं. अख्ख्या पडद्याचं चित्र पाठवण्याच्या मानाने हे काहीच नाही. मानकोलीच्या गोदामातला मुलगा आणि पुण्यात बसलेला त्याचा मामा अगदी रडक्या नेटवरही एकच शेल बघू शकतात. मामा लिहितो, भाचा बघतो. मग भाचा लिहितो, मामा बघतो. पुस्तकात न सापडणाऱ्या किती तरी गोष्टी असं शेजारी बसल्यासारखं बघून कळतात. शिकवायला याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण त्या एकाच रांगेत आहे. कळ कुठल्या खिडकीतून आली हे शेलला कळत नाही. त्याच्या लेखी माणूस एकच, ज्याच्या नावाने लॉगिन झालंय तो. दोघांनी एकदम टाइप केलं तर अक्षरं एकमेकांत मिसळतात, पण ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. खरी गोम पुढे आहे. मामाने सुडोला पासवर्ड दिला की नेहमीच्या मांडणीत पुढची काही मिनिटं त्या शेलमध्ये सुडो पुन्हा विचारत नाही. तेवढ्यात भाच्याने दिलेली आज्ञाही मामाच्याच अधिकाराने चालते, आणि नोंद मामाच्या नावावर होते. कापडबाजारातल्या जुन्या पेढीवर मेहताजी अक्षर बघून सांगायचे, ही रक्कम कोणी मांडली ते. शेलच्या वहीत सगळ्यांचं अक्षर सारखंच.

ओळखीच्या एका गोदामात असंच झालं. तिघे जण एकाच लॉगिनने एकाच शेलला जोडलेले, आणि एका रात्रीत जुन्या चलनांचं फोल्डर उडालं. बॅकअप होता, फोल्डर परत आलं. पण शेठने विचारलं, "कोणी केलं?" नोंदीत नाव एकच, तेही तिघांचं मिळून! सगळ्यांच्या नजरा आपोआप सर्वांत लहान, दोनच महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराकडे वळल्या. त्याने केलं असेल, नसेलही. त्याच्याकडे 'मी नाही' म्हणण्यापलीकडे काही नव्हतं. मला टोचतं ते हे. नोंद नसली की दोष उतरणीकडे वाहतो, आणि उतरणीला नेहमी नवखाच उभा असतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात बघा. माग एकच, दिवसपाळीला एक कारागीर आणि रातपाळीला दुसरा. तागा अर्धा याचा, अर्धा त्याचा. पण मजुरी मीटरवर, त्यामुळे याचं कापड कुठे संपलं आणि त्याचं कुठे सुरू झालं हे ठरवावंच लागतं. माग वाटून घेतला म्हणून हात कोणाचा हे कोणी विसरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शेल वाटून घेतानाही हे विसरू नये.

आणि यासाठी काही मोठा खटाटोप लागत नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्यावं. रोजचं काम ज्याने त्याने आपापल्या शेलमध्ये करावं, वाटलेला शेल फक्त शिकण्या-शिकवण्यापुरता आणि अडचणीपुरता उघडावा. बघणाऱ्याला फक्त वाचण्यापुरतं जोडावं, टीमक्समध्ये त्याची सोय आहे. स्क्रीनच्या बहुवापरकर्ता मांडणीत तर कोणी काय करायचं याची यादी ठरवता येते. शिवाय त्यात मुळातच एक शहाणपण आहे: खिडकीवर जो आधी येईल त्याच्याच हाती लेखणी, तो बाजूला झाला की दुसऱ्याच्या. या मांडणीसाठी स्क्रीनला सहसा रूटचे जादा अधिकार द्यावे लागतात, आणि २०१७ साली त्यातल्याच एका चुकीमुळे साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होतं. तेव्हा आवृत्ती ताजी ठेवावी, आणि जमत नसेल तर टीमक्सची वाचण्यापुरती सोय पुरे. फोनवर बोलत असाल तर "आता हात तुझा" हे तोंडाने म्हणावं. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी.

"अहो, आपलीच माणसं, एवढं काय त्यात?" असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. आपली माणसं आहेत म्हणूनच हे करायचं. परक्यावर आळ आला तर तो नोकरी सोडून जातो. घरच्यावर आला तर तो तिथेच राहतो, दिवाळीला समोर बसतो, आणि काही बोलत नाही. वेगळं लॉगिन म्हणजे अविश्वास नव्हे. उद्या कोणी बोट दाखवलं तर दाखवायला त्या पोराच्या हातात काहीतरी असावं, एवढाच त्याचा अर्थ.

असो. पुढच्या वेळी कोणाला आपल्या शेलमध्ये बोलवाल तेव्हा खुशाल बोलवा, शिकवा, शिका. फक्त पासवर्ड देण्याआधी त्याच्या नावाचं लॉगिन तयार करा. दोन मिनिटांचं काम आहे.